बेबो, बेडूक आणि कप्पे

"मामा, बेडकाची अंडी गावल्यात. तू ये की."

२०२३ च्या जुलैमधली गोष्ट. निपाणीहून भाचीचा फोन आला तेव्हा मी वाळपईच्या बाजारात छत्रीची काडी बसवून घेत होतो. पोरगी तेव्हा नववीत होती. निपाणी, बेळगाव, कोल्हापूर भागातल्या मुली 'मी येतो, मी बघतो' असंच बोलतात. ते ऐकून आपल्याकडची माणसं पहिल्यांदा दचकतात आणि मग त्यांना ते आवडायला लागतं. तर ती म्हणाली, "पप्पा हौद धुवायसाठी पाणी सोडायलेत. अंडी मरतील. मी त्यांना काचेच्या टाकीत सांभाळतो. टाकी कशी लावायची ते तू सांग."

मलाच का विचारलं, तर माझ्याकडे पंधरा वर्षं माशांची टाकी आहे. घरात पाण्याचं काहीही निघालं की मामाला फोन. पण फोन ठेवल्यावर मला हसू आलं, आणि थोडी लाजही वाटली. कारण बेडूक आणि मी यांचं जे नातं आहे ते भाचीला माहीत नव्हतं.

सत्तरीतल्या आमच्या गावात बेडकाला बेबो म्हणतात. मिरगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की रात्री मळ्यात बेब्यांचा जो काय गोंधळ सुरू व्हायचा! आम्ही चार-पाच पोरं पेट्रोमॅक्स आणि गोणपाट घेऊन निघायचो. डोळ्यांवर उजेड पडला की बेबो हलत नाही, बसल्या जागी थिजतो. विणीच्या दिवसांतला नर तर हळदीसारखा पिवळा होतो आणि त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. अंधारात तो लपणार कुठे? आई स्वयंपाकघरात आणू द्यायची नाही, म्हणून बाहेर मांगरात चूल पेटवायची. खायचे ते फक्त मागचे पाय. बाकीचा बेबो फेकून द्यायचा. त्या वयात यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नाही, मलाही नाही. पुढे हॉटेलांतून त्याला 'जंपिंग चिकन' असं गोंडस नाव मिळालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा गुन्हा आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं. एके काळी भारतातून बेडकांचे पाय हजारो टनांनी परदेशी जात होते आणि १९८७ साली ती निर्यात सरकारने बंद केली, हे तर त्याहूनही उशिरा.

अशा माणसाला भाचीने बेडूक वाचवायला बोलावलं होतं. गेलो.

त्या वर्षीचा पाऊस आठवत असेल तुम्हाला. केरळातच तो ८ जूनला पोचला. घाटावर निपाणीकडे जून जवळजवळ कोरडा गेला. अशा वेळी त्या भागातल्या खेड्यांतून पूर्वी धोंडी निघायची. अंगाला कडुनिंबाचा पाला बांधलेली पोरं, मुसळाला बांधलेला बेडूक, आणि घरोघरच्या बायका वरून ओतणार पाणी. थोडं पुढे कन्नड मुलखात गेलं की बेडकाचं चक्क लग्न लावतात. तिथे बेडकाला म्हणतात कप्पे, आणि त्या लग्नाला कप्पे मदुवे. ऋग्वेदातलं मंडूकसूक्त (सातवं मंडल, १०३ वं सूक्त) तर सर्वश्रुत आहे. वर्षभर व्रतस्थ राहिलेले ब्राह्मण जसे बोलू लागावेत तसे पहिल्या पावसाने बेडूक बोलू लागले, असं वसिष्ठ म्हणतो. म्हणजे पाऊस मागायचा असला की सगळ्यांना बेडूक आठवतो. पाऊस आला की आम्ही सत्तरीकर त्याचे पाय खायला मोकळे.

केरीहून चोर्ला घाट चढलो. धुक्यात समोरचा ट्रकसुद्धा दिसत नव्हता. याच चोर्ल्याच्या मातीतून २००७ साली एका बिनपायाच्या उभयचराची नवी जात शास्त्रज्ञांनी नोंदवली आणि तिला म्हादईचं नाव दिलं, 'गेगेनोफिस म्हादेइएन्सिस'. गांडुळासारखा दिसणारा तो प्राणी बेडकाचा लांबचा भाऊबंद. त्याच्या डोक्यावरच्या रस्त्याने आपण रोज बेळगावला जातो आणि म्हादईचं पाणी कुणाचं यावर वाद घालतो. पुढे कणकुंबी, जांबोटी करत बेळगाव गाठलं. बहीण आणि भाची काही खरेदीसाठी तिथे आल्याच होत्या. टाकी बेळगावातून घ्यायची आणि तिघांनी मिळून निपाणीला जायचं, असं ठरलं होतं.

माशांच्या दुकानात आम्ही अडीच फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी टाकी पाहत होतो. तेवढ्यात भाचीला दिसले पांढरे बेडूक. अंगठ्याएवढे, गुलाबी डोळ्यांचे, एका बरणीत पाचसहा. दुकानदार म्हणाला, "हे घेऊन जावा की ताई. याला माती नको, दगड नको. नुसतं पाणी. जन्मभर पाण्यातच राहतंय." भाचीचे डोळे चमकले. अंडी वाढवायची म्हणजे दोन महिन्यांची कटकट, आणि इथे तयार बेडूक!

दुकानदार खोटं बोलत नव्हता. तो दक्षिण आफ्रिकेतला नखवाला बेडूक, झेनोपस. जन्मभर पाण्यात राहतो हे खरं. पण त्याची बाकीची कथा मी भाचीला तिथेच उभ्या उभ्या सांगितली. १९३० च्या दशकात असं लक्षात आलं की गरोदर बाईच्या लघवीचं इंजेक्शन या बेडकीला दिलं की ती काही तासांत अंडी घालते. झालं! गरोदरपणाची चाचणी म्हणून हा बेडूक जगभरच्या प्रयोगशाळांत गेला. पुढे कागदी चाचण्या आल्या, काही बेडूक निसटले, काही लोकांनी सोडून दिले. कॅलिफोर्नियात, चिलीत, फ्रान्समध्ये तो आता रानात राहतो. त्याच्या अंगावर एक बुरशी असू शकते. बहुतेक वेळा त्याला स्वतःला तिचा त्रास होत नाही, पण दुसऱ्या बेडकांच्या कातडीत ती शिरली की ते मरतात. १९९९ साली या बुरशीला शास्त्रीय नाव मिळालं आणि २०१९ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा तिच्यामुळे घटलेल्या उभयचरांच्या जाती पाचशेहून जास्त निघाल्या. त्यातल्या नव्वद तर बहुधा कायमच्या गेल्या.

"म्हणजे हा घेतला आणि पुढं कंटाळा आला म्हणून वेदगंगेत सोडला तर?" भाचीने विचारलं.

"म्हणूनच घ्यायचा नाही. आणि कुणी घेतलाच तर मरेपर्यंत सांभाळायचा. बाहेर सोडणं ही दया नव्हे."

तिने बरणी खाली ठेवली. दुकानदाराने मात्र तोंड वाकडं केलं.

बसला वेळ होता म्हणून टिळकवाडीत काँग्रेस विहीर पाहायला गेलो. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा पाण्याची सोय म्हणून ही विहीर खणली. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते त्या एकाच अधिवेशनात. विहिरीत डोकावत भाची म्हणाली, "मामा, यातला बेडूक म्हणजे कूपमंडूक काय?"

मी म्हटलं, हो. मग तीच विचार करून म्हणाली, "पण तो मुद्दाम थोडाच राहतोय आत? कडा सरळ हाईत. पडला की वर येता येईना झालं."

मी हसलो आणि विषय सोडून दिला. तिथेच मी चुकलो, पण ते पुढे सांगतो.

संकेश्वर मागे टाकून तवंदीचा घाट ओलांडला की निपाणी. तंबाखूच्या दरासाठी १९८१ साली शेतकऱ्यांनी महामार्ग अडवून धरला होता तेच हे गाव. माझे मेहुणे (तिकडे त्यांना दाजी म्हणायचं, आपल्यासारखं भावोजी नव्हे) तंबाखूच्या व्यवसायातले. घराला लागून वखार, वखारीमागे सिमेंटचा हौद. हौदाच्या आतल्या कडेला, पाण्यापासून वीतभर वर, साबणाच्या फेसाचा गोळा चिकटवावा तसं ते घरटं होतं. हे झाडबेडकाचं. मादी मागच्या पायांनी घुसळून हा फेस करते आणि त्यात काही शे अंडी घालते. वरचा थर वाळून कवच होतं, आत ओलावा टिकतो. तीनचार दिवसांत पिल्लं खालच्या पाण्यात टपटप पडतात. खाली पाणी असेल तर! दाजींनी हौद निम्मा रिकामा केला होता. भाची आडवी आली म्हणून उरलेला वाचला होता.

दाजी म्हणाले, "बेडकापायी हौद तुंबवून ठेवायचा? कामगार पाणी कुठलं वापरणार?" त्यांचंही बरोबर होतं. मग तडजोड झाली. फेसाचा बराचसा भाग सुरीने अलगद सोडवून आम्ही मागच्या शेतातल्या डबक्यावर, वाकलेल्या फांदीला टेकवून ठेवला. एक लहानसा तुकडा टाकीवर. त्यातून चाळीस पिल्लं पाण्यात उतरली. भाचीने मोजली.

आता टाकीचं सांगतो, कारण हे विचारणारे मला बरेच भेटतात.

माशाची टाकी लावणं सोपं असतं. पाणी एके पाणी. बेडकाची टाकी म्हणजे अर्धं तळं आणि अर्धा बांध. याला इंग्रजीत पॅलुडेरियम असं भारदस्त नाव आहे. आम्ही पाणी भरलं फक्त पाच इंच. तळाला वेदगंगेच्या पात्रातले गोल गोटे, उकळून घेतलेले. बारीक खडी घालायची नाही, कारण बेडूक भक्ष्यावर झडप घालताना खडाही गिळतो. पाणी खेळतं राहावं म्हणून हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर, तोही अगदी मंद. मोटारीचा फिल्टर लावला तर पिल्लं त्यात ओढली जातात. मनीप्लँटच्या दोन वेली अशा सोडल्या की मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. पिल्लांच्या घाणीतून जे क्षार साठतात त्यांतले बरेचसे ती मुळं ओढून घेतात. वर झाकण म्हणून लाकडी चौकटीला मच्छरदाणीचं कापड. टाकी उन्हात नाही, पण उजेडात.

आणि पाणी. इथे पहिला धडा मिळाला. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून पितो. पाण्यात जे असेल ते सगळं त्याच्या अंगात जातं. मी भाचीला सांगितलं होतं की नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच घालायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. मी गोव्याला परतलो, तिची परीक्षा आली, आणि एका संध्याकाळी घाईत बहिणीने थेट नळाचं पाणी ओतलं. पावसाळ्यात पाण्यात औषध जरा जास्तच असतं. सकाळी सात पिल्लं तळाशी. त्यानंतर बादलीवर चिठ्ठी लागली: 'आज भरलेलं. उद्या वापरायचं.'

दुसरी चिठ्ठी दाजींसाठी होती. एकदा वखारीतून आले आणि कुतूहलाने टाकीत हात घालणार, एवढ्यात भाची ओरडली. तंबाखूची धूळ त्यांच्या हातावर कायमची असते, आणि निकोटीन हे विषच आहे. पूर्वी शेतात किडीवर तंबाखूचा काढा मारायचे तो काही उगाच नव्हे. तेव्हापासून घरात नियम झाला. टाकीला हात लावायचा तर आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, मग साबणही पुन्हा साध्या पाण्याने धुवायचा. दाजी म्हणाले, "देवघरात जायला मी एवढं धूत नाही!" पण धुवायला लागले.

बाकी रोजचं काम किरकोळ. पालकाचं पान मऊ उकडून चिमूटभर द्यायचं, कारण ही पिल्लं शाकाहारी. तासाभराने उरलेलं काढून टाकायचं, नाहीतर ते कुजतं. एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी नळीने ओढून काढायचं आणि तेवढंच मुरलेलं पाणी घालायचं. सगळं पाणी एकदम कधीही बदलायचं नाही. घाण खाणारे चांगले जंतू स्पंजात आणि गोट्यांवर वस्ती करतात. ती वस्ती बसायला महिनाभर लागतो आणि मोडायला एक दिवस पुरतो.

ऑगस्टच्या शेवटी मागचे पाय आले. भाची रोज फोटो पाठवायची. मी म्हटलं होतं, जमिनीचा भाग मी आल्यावर करू, पुढचे पाय यायला अजून अवकाश आहे. मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो.

एका सकाळी सहाला फोन. पोरगी रडत होती. "मामा, दोन मेलेत. पुढचे पाय आलेत त्यांना. पाण्यातच मेलेत. बेडूक पाण्यात बुडतोय काय रे?"

बुडतो. हेच मी विसरलो होतो. पुढचे पाय बाहेर येतात त्या सुमारास पिल्लाचे कल्ले संपतात आणि ते फुप्फुसांनी श्वास घ्यायला लागतं. तोंड बदलत असतं म्हणून ते काही खातही नाही, स्वतःची शेपटी जिरवून त्यावर जगतं. अंगात बळ नसतं. काल जे पाणी त्याचं घर होतं तेच आज त्याला मारू शकतं. अशा वेळी टेकायला उतरती जमीन हवी. आमच्या टाकीला चारही बाजूंनी सरळ काच. काँग्रेस विहिरीपाशी पोरीने मला जे सांगितलं होतं तेच मी केलं होतं. मी तिला एक छानशी विहीर बांधून दिली होती.

त्याच दिवशी फोनवर बोलत बोलत आम्ही जमीन केली. जुन्या घराची मंगलोरी कौलं वखारीत पडून होती. एक कौल उकळून, तिरकं, अर्धं पाण्यात आणि अर्धं बाहेर असं गोट्यांवर टेकवलं. कौल खरबरीत असतं, पाय घसरत नाही. त्याच्या मागे नारळाची भिजवलेली सोडणं रचून बांध केला, वर डबक्याकाठचंच थोडं शेवाळ, आणि चढायला पेरूच्या दोन फांद्या. पाणी पाचावरून तीन इंचांवर आणलं. संध्याकाळी फोटो आला. कौलाच्या काठावर, निम्मी शेपटी अजून पाण्यात सोडून, नखाएवढं एक पिल्लू बसलं होतं. माझ्या सगळ्या माशांनी पंधरा वर्षांत मला जो आनंद दिला नसेल तो त्या फोटोने दिला.

त्यानंतर एकही बुडालं नाही. तीन मात्र झाकणाच्या फटीतून निसटली आणि कपाटामागे वाळून गेलेली सापडली. झाडबेडूक काचेवर सरळ चढतो. फट म्हणजे दार, हा आणखी एक धडा. उरली अठ्ठावीस.

आता ती सोडायची होती. पण पाऊस कुठे होता? २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. शेतातलं डबकं आटून त्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या. डबक्यावर आम्ही जो फेस ठेवला होता त्यातली पिल्लं कुठवर पोचली असतील याचा विचार मी करत नव्हतो, भाची करत होती. "टाकीत चाळीस होती म्हणून अठ्ठावीस वाचली. तिथं शंभर-दोनशे होती," ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही.

मग तीन आठवडे त्या लहानग्यांना सांभाळायचं काम. आता ती मांसाहारी झाली होती आणि फक्त हलणारं खायची. कुजकं केळं एका डब्यात ठेवून त्यावर जमणाऱ्या बारीक माश्या भाची टाकीत सोडायची. संध्याकाळी कौलावर पाण्याचा फवारा. बहीण म्हणायची, "माझ्या बाळंतपणात एवढी काळजी कुणी केली नाही."

सप्टेंबरमध्ये पाऊस परतला. १९ तारखेची चवथ आटोपून मी निपाणीला गेलो. टाकीपाशी बसून भाची म्हणाली, "ठेवूया की दोनतीन. माझ्या हातचं खातात आता."

मी तिला कायदा सांगू शकलो असतो. आपल्या रानातले बेडूक पाळीव करायचे नसतात हे मी सांगितलंही. पण तिला पटलं ते वेगळ्याच गोष्टीने. मी म्हटलं, "बघ, पाणी मुरवायला बादली, हवा द्यायला पंप, घाण खायला स्पंज, चढायला कौल, खायला केळ्यावरच्या माश्या. आपण चार माणसं अडीच महिने राबलो आणि चाळिसांतली बारा मेली. बाहेर हे सगळं एक पाऊस करतो. त्याची टाकी आपल्यापेक्षा मोठी आहे."

ती म्हणाली, "पण त्याच्या टाकीत शंभरातली पाच पण वाचत नाहीत."

मला उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळाने तीच उठली आणि तिने झाकण काढलं.

संध्याकाळी हौदामागच्या पेरूच्या झाडापाशी, जिथली अंडी तिथेच, आम्ही त्यांना सोडलं. दुसरीकडे नेऊन सोडलं असतं तर एका जागेचा रोग दुसरीकडे नेला असता. पिल्लं पानांवर दोन क्षण बसली आणि दिसेनाशी झाली. निरोप वगैरे काही नाही. भाची हसली. "शाळेत उभयचर शिकवलं तेव्हा मला वाटलं, आपणच की ते! घरात मराठी, बाजारात कन्नड, पुस्तकात इंग्लिश." १९५६ पासून या भागावर किती शाई सांडली आहे! पोरीने ते सगळं एका वाक्यात गुंडाळलं आणि हात धुवायला गेली.

मी गोव्यात परतलो. पुढच्या जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या रात्री, जुन्या मित्राचा फोन आला. "बेबे धरूंक येता रे?" मी नाही म्हटलं. त्याने कारण विचारलं, तेव्हा कायदा सांगायला गेलो तर तो हसला. मग मी त्याला टाकीची हकिगत सांगितली, सात, दोन, तीन असा सगळा हिशेब सांगितला. तो बराच वेळ ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आपण एका रातीत किती धरायचो रे?" मी म्हटलं, गोणपाट भरेपर्यंत. मोजले कुणी होते?

तो त्या रात्री गेला की नाही हे मी विचारलं नाही. पण मी मळ्याच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. लहानपणी जसा गोंधळ असायचा तसा आता नाही. मधूनच एक ओरडतो, पलीकडून दुसरा उत्तर देतो, आणि मग बराच वेळ नुसता पाऊस.

त्याच आठवड्यात भाचीने निपाणीहून आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवला. हौदाच्या बाजूने कुणीतरी लाकडावर बोटाने वाजवावं तसं टक टक, टकाटक. झाडबेडकाचा नर असाच बोलतो. खाली तिने लिहिलं होतं, 'मामा, आपलाच असंल काय?'

मी लिहिलं, असेल.

लगेच दुसरा निरोप आला. 'पप्पांनी हौद उन्हाळ्यातच धुवून घेतला. म्हणाले, पावसात आता त्यांचा असतोय.'